कुठला जंतू? एका नमुन्याचे तीन दिवस

(दृश्य : बेळगावातली एक लॅब, सकाळ. बाहेर पाऊस.)

रिसेप्शनवर कानडी, बाकावर मराठी आणि रिपोर्टवर इंग्रजी. बेळगावात हे कुणाला वेगळं वाटत नाही. कणकुंबीहून पहाटेच्या बसनं आलेल्या मावशी पिशवीतून लघवीची बाटली काढतात. जळजळ आणि ताप, चार दिवस झाले. टेक्निशियन विचारतो,

"मावशी, गोळी घेटलासा काय?"

"व्हय, काल एक. दुकानातनं आणलेली."

फॉर्मवर तशी नोंद होते. अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू लघवीत असूनही तो वाढवायच्या प्लेटवर न उगवण्याची शक्यता असते. आणलेली बाटली मात्र बाजूला राहते. नमुना दोन तासांत पोचायला हवा, नाहीतर थंड ठेवायला हवा. मनासारखी ऊब मिळाली तर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. जांबोटीच्या रस्त्यावर बस अडकली, तर बाटलीतल्या चार जंतूंचा आजार होऊन बसतो! म्हणून नवा नमुना इथेच, निर्जंतुक बाटलीत. पहिली धार सोडून मधली.

(दृश्य : ज्योत, तारेचा लूप, दोन प्लेटा.)

लूपच्या इवल्याशा कड्यात ०.००१ मिलिलिटर लघवी मावते. ती दोन प्लेटांवर रेघोट्या ओढत पसरायची. लाल प्लेट मेंढीच्या रक्ताची, ब्लड अगार. दुसरी मॅक्काँकी. दोन्ही घट्ट धरणारं अगार समुद्री शेवाळातून येतं. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. आधी जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरत, पण ते ३७ अंशांवर वितळायचं. १८८१च्या सुमारास कॉखच्या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. पाठ्यपुस्तकं त्यांना एका ओळीत उरकतात, हा कंजूषपणाच.

मॅक्काँकी हे माध्यम मोठं कारस्थानी. त्यातले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रामच्या रंगकामात जांभळ्या दिसणाऱ्या, जंतूंना बहुतेक उगवूच देत नाहीत. आतड्यात राहणाऱ्यांना पित्ताची सवय असते, ते वाढतात. मग त्यांच्यापुढे दुधातली साखर, लॅक्टोज. ज्याला ती पचते तो आम्ल सोडतो, आणि माध्यमातलं न्यूट्रल रेड हे रंगद्रव्य त्या आम्लानं गुलाबी होतं. रंग जंतूचा नव्हे, त्याच्या करणीचा. या सगळ्या तपासणीत जंतू ओळखायचा तो असाच, तो काय करतो त्यावरून. ग्रामचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ई. कोलाय, क्लेबसिएला, साल्मोनेला, सगळ्याच गुलाबी काड्या. चेहऱ्यावरून निवाडा होत नाही.

(दृश्य : दुसरा दिवस. इन्क्युबेटरचं दार उघडतं.)

३७ अंशांवर रात्र काढलेल्या मॅक्काँकीवर गुलाबी, सपाट, कोरड्या कॉलन्या, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके. शंभराहून जास्त. लूपात मिलिलिटरचा हजारावा भाग होता, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या वर. तीन-चार तऱ्हेच्या कॉलन्या दिसल्या असत्या, तर नमुना घेतानाच घोळ झाला असं धरून मावशींना पुन्हा बोलवावं लागलं असतं. इथे एकच जात आहे. पण ई. कोलाय की क्लेबसिएला? दोघंही गुलाबी. क्लेबसिएला सहसा चिकट, ओलसर दिसतो. नुसत्या दिसण्यावर मात्र रिपोर्ट निघत नाही.

मग एका कॉलनीतले जंतू घालून वेगवेगळ्या चाचण्यांच्या नळ्यांची रांग लागते, आणि पुन्हा एक रात्र.

(दृश्य : तिसरा दिवस. नळ्यांचा स्टँड, अगदी जवळून.)

पेप्टोन वॉटरच्या नळीत कोव्हॅक्स या रसायनाचे थेंब सोडले. घटकाभर काहीच नाही. मग वरच्या थरात चेरीसारखं लाल कडं उमटतं. जंतूनं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फोडून इंडोल केलं. सिट्रेटची नळी हिरवीच. क्लेबसिएला असता तर निळी झाली असती. युरियाची नळी पिवळीच; प्रोटियस जंतूनं ती काही तासांत गुलाबी केली असती. तीन साखरा आणि लोह असलेली ट्रिपल शुगर आयर्नची नळी साखरा पचल्यानं वरपासून तळापर्यंत पिवळी, तळाशी गॅसनं अगार फाटलेलं, हायड्रोजन सल्फाइडच्या काळेपणाचा मागमूस नाही.

ई. कोलाय.

नळ्यांबरोबर म्यूलर हिंटन या आणखी एका माध्यमाच्या प्लेटवर जंतू पसरून औषधांच्या चकत्याही ठेवल्या होत्या. काहींभोवती, औषधानं जंतू रोखला तिथे, मोकळं वर्तुळ आहे, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. मावशींनी दुकानातनं आणलेल्या औषधाच्या चकतीला मात्र जंतू थेट चिकटून वाढलाय. गोळी घेऊनही प्लेटवर पीक का आलं, ते इथे कळतं.

मोठ्या रुग्णालयांत आता माल्डी-टॉफ यंत्र जंतूचं नाव काही मिनिटांत सांगतं. पण त्यातही बहुधा प्लेटवर वाढलेली कॉलनीच घालतात. पहिली रात्र वाचत नाही, नळ्यांची तेवढी वाचते. चकत्यांसाठी थांबावं लागतंच.