तेरा सेकंद म्हणजे नशीब नव्हे! मॅकग्रेगरची हवा खरी की खोटी?

राम राम मंडळी! कसं काय, बरं ना?

आज बोलायचंय आयर्लंडचा एमएमए फायटर कॉनर मॅकग्रेगरवर. मी टाळत होतो हा विषय, पण तुम्ही टाळू देत नाही. धुळ्याहून तीच कमेंट, शहाद्याहून तीच, भुसावळहून तीच. "भाऊ, तो नुसता बडबड्या शे, खबीबनं हरवून दाखवलं ना!" आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो की कॉनरसारखा फायटर झाला नाही आणि होणार नाही. मग दोघं एकमेकांच्या घरादारापर्यंत जातात. तेवढं नका करू भो. भांडा, पण फाइटवर भांडा.

एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, काय ते तुम्हाला माहितीच आहे. ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं. पाच मिनिटांची फेरी, टायटलला पाच फेऱ्या. कॉनर डब्लिनचा, आधी प्लंबिंगचं काम शिकत होता. एप्रिल २०१३ मध्ये यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेत, आला आणि पहिली फाइट ६७ सेकंदांत संपवली. हे सगळं झालं, आता मुद्द्यावर येऊ.

मुद्दा तेरा सेकंदांचा. डिसेंबर २०१५, लास व्हेगास, समोर त्या वजनाचा चॅम्पियन, ब्राझीलचा जोझे आल्डो. दहा वर्षं हरलेला नव्हता हा माणूस, दहा वर्षं! आपल्याकडे रविवारची सकाळ होती. मी तेव्हा जळगावात खोली घेऊन राहायचो, आणि आम्ही पाच जण एका मित्राच्या घरी टीव्हीसमोर. त्याची आई आत भरताची वांगी भाजत होती, सगळ्या घरात धूर. खिडकी उघडायला एक जण उठला. वळून बसेपर्यंत आल्डो खाली पडलेला. तो बिचारा विचारतोय, "काय झालं, काय झालं?" आणि आम्हालाही सांगता येईना.

तेव्हापासून आजपर्यंत मी एकच वाक्य ऐकतोय: "लागला एक ठोसा, लक होतं." मंडळी, या वाक्यावर माझं डोकं खरंच फिरतं. ते लक नव्हतं. मी करूनच दाखवतो, मागे सरकतो जरा, कॅमेऱ्यात पाय दिसले पाहिजेत.

हे बघा. कॉनर डावखुरा उभा राहतो. उजवा पाय पुढे, डावा मागे, आणि जड हात मागचा, डावा. आल्डो अंगावर झेप घेऊन येतो. आता तुम्ही-आम्ही काय करू? मागे पळू, छाती मागे, हनुवटी वर. अशा अवस्थेत हात फेकला तरी त्यात वजन नसतं, कारण वजन आधीच मागे गेलेलं असतं. कॉनर काय करतो? पाय मागे नेतो, डोकं नेत नाही. डावा पाय मागे टेकला, अंगाचा भार त्याच्यावर आला, आणि त्याच पायाच्या रेट्यावर डावा हात सरळ सुटला. मागे जाता जाता मारलेला ठोसा आहे तो. आणि आल्डो पुढे येतोय, म्हणजे अर्धी ताकद आल्डोचीच.

मी २०१७ मध्ये जळगावातच बॉक्सिंग शिकायला जायचो, तेव्हा ही एक गोष्ट जमावी म्हणून दोन महिने घासली. पहिल्याच दिवशी छाती मागे टाकली, हनुवटी वर गेली आणि समोरच्याचा ठोसा नाकावर बसला. रक्त आलं. आमच्या सरांनी फरशीवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "पाय रेघेच्या मागे, डोकं रेघेवरच." दोन महिने ती रेघ. हळू येणाऱ्या माणसावर जमायला लागलं, जोरात येणाऱ्यावर नाही जमलं. आणि तुम्ही म्हणता लक!

बरं, पाय-बीय नको असतील तर आखाड्यातलं सांगतो. जोर करून अंगावर येणारा पहिलवान ढाक डावावर कसा जातो? त्याचाच जोर त्याला घेऊन पडतो. पण त्यासाठी त्याला जोर करायला लावावा लागतो. तो शांत उभा राहिला तर तुमचा डाव हातातच राहिला. आता आल्डो हा काही आंधळेपणाने घुसणारा माणूस नव्हे. संयमी, मोजून मारणारा. मग त्या दिवशी पहिल्याच क्षणांत का घुसला? कारण मॅकग्रेगर वर्षभर त्याला पेटवत होता. २०१५ च्या प्रचार दौऱ्यात, डब्लिनमध्ये, त्याने टेबलावरून आल्डोचा चॅम्पियनचा पट्टाच उचलला, हजारो लोकांसमोर. त्यात जुलैत फाइट ठरली होती, ती आल्डोच्या बरगडीच्या दुखापतीने रद्द झाली, म्हणजे आणखी पाच महिने धग. ज्या बडबडीला तुम्ही नावं ठेवता, ती डावाचा पहिला भाग होती. आल्डोचा पाय पुढे पडला तो रागाने पडला.

आणि तिसरं ऐका, मग मी पुढे जातो. फाइटच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये तो सराव करतानाचं चित्रीकरण आहे. त्यात तो हेच करतोय! मागे सरकतोय आणि डावा सरळ. मागे सरकतोय आणि डावा सरळ. बाहेर आला आणि तेच केलं. जिंकल्यावर म्हणाला की अचूकपणा ताकदीवर भारी पडतो आणि टायमिंग वेगावर. ज्या माणसाला आधीच माहिती होतं काय घडणार, त्याच्या कामाला नशीब म्हणू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

आता खबीबवाले. तुम्ही जास्त करून कुस्तीची मंडळी आहात, मला माहितीये. मीही यात्रेच्या दंगली बघतच मोठा झालो. आमचे आप्पा खांद्यावर बसवून न्यायचे, खालून रेवड्या द्यायचे. ऑक्टोबर २०१८ ला खबीब कॉनरच्या पटात, म्हणजे पाय धरायला, शिरला तेव्हा मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दागेस्तानचा माणूस, पण पकड बघून आपलाच वाटला. चौथ्या फेरीत मान आवळली, कॉनरने हात थोपटून हार मानली. स्वच्छ निकाल. त्या फाइटला कॉनर कमी पडला, आणि कुस्तीत तो कमी पडतो हे त्याच्या बाजूच्यांनीही कबूल करावं.

पण त्यावरून आधीची चार वर्षं पुसता येत नाहीत. त्याने कोणाला हरवलं ते बघा ना. मॅक्स हॉलोवे, २०१३. तो पुढे त्याच वजनात चॅम्पियन झाला. डस्टिन पॉरिए, २०१४, पहिल्याच फेरीत. नेट डियाझकडून मार्च २०१६ मध्ये हरला, तोही दोन वजनगट वर जाऊन, आणि ऑगस्टमध्ये त्याच वजनात परत उतरून पाच फेऱ्या लढून जिंकला. ही फाइट मला आल्डोपेक्षाही आवडते. ज्याने हरवलं त्याच माणसासमोर सहा महिन्यांच्या आत कोण जातं? मग नोव्हेंबर २०१६, न्यूयॉर्क, एडी अल्वारेझला हरवलं. एकाच वेळी दोन वजनांचे पट्टे खांद्यावर घेणारा यूएफसीतला पहिला माणूस. एवढ्या कामाला हवा झाली तर ती खरीच हवा.

आता कॉनरवाल्यांनो, तुमच्याकडे वळतो. रागावू नका.

त्याने यूएफसीचा पट्टा एकदाही राखला नाही. एकदाही! पहिला काढून घेतला गेला, दुसराही काढून घेतला गेला. अल्वारेझनंतर पिंजऱ्यात, म्हणजे एमएमएत, त्याचा एकच विजय, जानेवारी २०२०, सेरोनी, ४० सेकंद. बाकी खबीब, मग पॉरिएकडून २०२१ मध्ये दोनदा हार, दुसऱ्या वेळी पायच मोडला. आणि बॉक्सर फ्लॉइड मेवेदरबरोबर बॉक्सिंग, तिथेही दहाव्या फेरीत हरला.

आपण खान्देशातले लोक, राखणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी. २०१४ ला महाराष्ट्र केसरी, २०१५ ला, २०१६ ला. सलग तीन गदा. दुसऱ्या वर्षापासून राज्यातला प्रत्येक पहिलवान तुमचे डाव बघून, तुमच्यासाठीच तयारी करून येतो, आणि तरी तुम्ही उतरता. कॉनरने ते वर्ष कधी काढलंच नाही. म्हणून मी त्याला सर्वांत मोठा म्हणत नाही. २०१३ ते २०१६ ची हवा शंभर टक्के खरी, महानतेची माळ मात्र नाही. माझं मत हेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

नंदुरबारच्या एका ताईंनी विचारलंय: "दादा, माझा मुलगा बारा वर्षांचा, याची नक्कल करतो, शिव्या देतो. काय करू?" ताई, हा प्रश्न मला लागला. आपल्याकडे शड्डू ठोकतात, मांडीवर थाप मारून अख्ख्या मैदानाला आव्हान देतात, तोही माजच आहे. पण कुस्ती सुटली की हात मिळवतात. आमचे आप्पा म्हणायचे, जोडीला आव्हान दे, जोडीच्या आईबापाला नको. कॉनर खबीबच्या वडिलांवर गेला, धर्मावर गेला. एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनला त्याने फायटर बसलेल्या बसवर लोखंडी ट्रॉली फेकली, आत माणसं जखमी झाली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये डब्लिनच्या ज्युरीने एका महिलेवरच्या हल्ल्याच्या दिवाणी खटल्यात त्याला जबाबदार धरलं. या गोष्टींना मी बडबड म्हणणार नाही आणि डावाचा भागही म्हणणार नाही. मुलाला तेरा सेकंद दाखवा, पत्रकार परिषदा दाखवू नका. आणि जवळ तालीम असेल तर तिथे घाला, वस्ताद शिव्या बंद करतील.

आता एक काम करा. आल्डोची फाइट लावा, वेग पाव करा. ठोशाकडे बघूच नका, तो सगळ्यांनी बघितलाय. कॉनरचा डावा पाय बघा, मॅटवर कधी टेकतो ते. आल्डोचा हात सुटायच्या आधी टेकतो की नंतर? काय दिसलं ते खाली लिहा, मी एकेक वाचतो.