मळवलीतली १०० घरं

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालात की पुढचं स्टेशन मळवली. आपण तिथे उतरतो ते भाजे लेणी बघायला, नाहीतर लोहगड-विसापूर चढायला. याच भागात २००६ च्या ऑक्टोबरच्या शेवटी जवळपास दोन हजार माणसं जमली, देशातली, परदेशातली, आणि गरजू कुटुंबांसाठी १०० घरं बांधायला लागली. त्यात एक ८२ वर्षांचे आजोबा होते, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, बरोबर पत्नी रोझलिन. पेपरात चर्चा जास्त झाली ब्रॅड पिटची, तो पण आला होता ना. पण खरी गोष्ट कार्टर यांची आहे, कारण हे काम ते १९८४ पासून करत होते.

त्या वर्षी ते अमेरिकेतल्या आपल्या जॉर्जिया राज्यातून बसने न्यूयॉर्कला गेले, एका चर्चमध्ये मुक्काम केला आणि एक पडकी बिल्डिंग १९ कुटुंबांना राहण्यालायक करायच्या कामाला लागले. न्यूयॉर्क काय, मळवली काय, घरं बांधणारी संस्था एकच, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, १९७६ ला मिलार्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने अमेरिकस नावाच्या छोट्या गावात सुरू केलेली, कार्टर यांच्या प्लेन्स गावाच्या अगदी शेजारी.

आणि महाराष्ट्राशी कार्टर यांचं नातं त्याहून जुनं. त्यांची आई लिलियन, शिकलेली नर्स, १९६६ ला वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरची, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची, स्वयंसेवक म्हणून थेट आपल्या विक्रोळीत आली आणि जवळपास दोन वर्षं तिथल्या पेशंटची सेवा केली. ज्या वयात आपल्याकडे म्हणतात आता देव देव करा, त्या वयात!

आता मुद्द्याचं. हे घर फुकट नसतं. फुलर यांची मूळ पद्धत अशी की घर बांधायला लागला तेवढाच खर्च कुटुंबाने हप्त्यांनी फेडायचा, वर नफा नाही, व्याज नाही, आणि घरच्यांनी स्वतः पण साइटवर राबायचं. देशादेशात यात थोडाफार फरक पडतो, पण स्वतःचे कष्ट आणि परतफेड या दोन गोष्टी मुळातल्या. म्हणून याला दानधर्म म्हटलेलं मला अजिबात पटत नाही, घर त्या कुटुंबाने कमावलेलं असतं.

अशा साइटवर स्वयंसेवक नक्की करतो काय? ऑफिसात तो कितीही मोठा साहेब असू दे, इथे तो गवंड्याच्या हाताखालचा बिगारी. साखळी करून विटा पास करायच्या, सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, घमेली उचलायची. वीट आधी पाण्यात भिजवून घ्यायची, कारण कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. मग दोरी ताणून थर लावायचा, दोन-तीन थर झाले की गवंडी ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघणार, आणि भिंत जरा जरी बाहेर गेली असेल तर सरळ उतरवायला लावणार, तुम्ही कुठल्या देशातून आलात ते तो विचारत बसत नाही. आणि ते बरोबरच आहे, त्या भिंतीखाली उद्या कोणाची तरी पोरं झोपणार आहेत.

काही लोक विचारतात, एवढा विमानखर्च करून नवशिकी माणसं कशाला आणायची, त्याच पैशात गावातले गवंडी लावा ना. प्रश्न चुकीचा नाही. नुसत्या कामाच्या वेगाचा हिशेब केला तर गवंडीच जिंकणार. पण हे लोक येताना निधी गोळा करून येतात, परत जाऊन आणखी चार जणांना सांगतात, आणि सोबत काम केलेल्या कुटुंबाला परत कधी कोणी बिचारे म्हणत नाही.

कार्टर दांपत्याच्या या उपक्रमातून १४ देशांत ४,३०० च्या वर घरं नवी बांधली गेली किंवा दुरुस्त झाली. २०१९ ला, वय ९५, ते घरात पडले, कपाळाला १४ टाके पडले, आणि तरी ते टेनेसीतल्या नॅशव्हिलला साइटवर हजर. २९ डिसेंबर २०२४ ला ते गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी.

स्वयंसेवक आठवड्याभरात आपापल्या घरी जातात. पण पुढे भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम असतं, ते घरच्यांचं. आणि महिन्याला हप्ता भरायचा, ज्यातून पुढच्या कुटुंबाचा पाया खणला जातो.