अठरा माणसं आणि एक पियानो

[दृश्य: व्हँकुव्हर. पावसाळी संध्याकाळ. जुन्या चर्चची इमारत. आतून पियानोचे सूर.]

व्हँकुव्हर शहराच्या पूर्व भागातलं हे जुनं चर्च. १९०९ साली बांधलेलं. १९७३ मध्ये त्याचं नाट्यगृह झालं, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये इथे 'बिली बिशप गोज टू वॉर' या नव्या कॅनेडियन नाटकाचा पहिला प्रयोग लागला. रंगमंचावर माणसं दोनच. पियानोवर जॉन ग्रे. नाटक त्यांचं, गाणीही त्यांचीच. आणि त्यांच्या शेजारी बत्तीस वर्षांचा एक नट, एरिक पीटरसन. विषय होता बिली बिशप, पहिल्या महायुद्धातला कॅनडाचा सर्वात नावाजलेला लढाऊ वैमानिक.

वैमानिकाची गोष्ट म्हणजे विमान हवंच. ते होतं, पण खेळण्यातलं. पीटरसन ते हातात धरायचे आणि तेवढ्यावर आकाशातली झुंज उभी करायचे. नाटकात पात्रं अठरा, आणि अठराही त्यांनीच करायची. स्वतः बिशप, त्याला हाताशी धरणारी लंडनची वयस्क लेडी सेंट हेलियर, तिचा बटलर, जनरल ट्रेंचर्ड, फ्रान्समधली एक गायिका, इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज. पोशाख बदलायला विंगेत जाण्याइतकीही सवड नाही. बटलर वाकून बाजूला झाला की त्याच जागी लेडी उभी राहायला हवी. जे काही बदलायचं ते मानेत, पाठीच्या कण्यात, आवाजात.

आपल्याला एकपात्री प्रयोगाची चांगली ओळख आहे, त्यामुळे यात किती दम लागतो हे वेगळं सांगायला नको. मला या नटाची गोष्ट सांगावीशी वाटते ती मात्र त्यांनी अठरा माणसं केली म्हणून नाही. त्यातलं एक माणूस त्यांनी तीस वर्षं सोडलं नाही, म्हणून.

[दृश्य: सस्कॅचवन. क्षितिजापर्यंत गव्हाची शेतं. रेल्वेमार्गालगत धान्याची उंच कोठारं.]

पीटरसन यांचा जन्म १९४६ चा, सस्कॅचवन प्रांतातल्या इंडियन हेड या गावचा. नावातल्या 'इंडियन'चा आपल्याशी संबंध नाही. तो शब्द तिथल्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जायचा. प्रांताची राजधानी रिजायना. तिथून पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटरवर हे गाव. वस्ती आजही दोन हजारांच्या आत. सगळा मुलूख सपाट, गव्हाचा. कॅनडा सरकारनं १८८० च्या दशकात देशभरात जी पहिली प्रायोगिक शेतं उभारली, त्यांतलं एक इंडियन हेडला होतं. हे गाव आणि हा मुलूख ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

सस्कॅचवन विद्यापीठ, मग व्हँकुव्हरचं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. तिथे त्यांना ग्रे भेटले. ग्रे संगीतातले, पीटरसन नट. १९७१ मध्ये तिथल्या तरुण मंडळींनी टमानूस थिएटर नावाची संस्था काढली, त्यात दोघेही होते. काही वर्षांनी पीटरसन टोरांटोला आले आणि थिएटर पास म्युराय या नाटकमंडळीत दाखल झाले.

तेव्हाच्या कॅनडात नटाची अडचण काय होती, ते इथे सांगायला हवं. मोठ्या रंगमंचांवर मान होता तो इंग्लंड-अमेरिकेच्या नाटकांना. १९५३ मध्ये ओंटारियोतल्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपियर महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्या नाटकातला तिसरा रिचर्ड रंगवायला अॅलेक गिनेस इंग्लंडहून आले होते. प्रयोग गाजला, महोत्सव आजही दिमाखात चालू आहे. पण कॅनडाचं बोलणं, कॅनडाचा शेतकरी, कॅनडाचा इतिहास रंगमंचावर आणायचा तर त्याला जागाच नव्हती. १९७० च्या आसपास टोरांटोत छोट्या नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या त्या या रिकाम्या जागेत. पास म्युरायचे दिग्दर्शक पॉल थॉम्प्सन तर हातात संहिता न घेताच तालमी सुरू करत. नटांनी गावात जाऊन राहायचं, लोकांबरोबर राबायचं, त्यांचं बोलणं कानात साठवायचं आणि त्यातून नाटक घडवायचं. ओंटारियोत १८३७ साली शेतकऱ्यांनी केलेल्या उठावावर त्यांनी असंच एक नाटक केलं. त्याच्या नंतरच्या संचात पीटरसन होते. मूठभर नट, माणसं ढीगभर, आणि प्रत्येक नटानं घटकेघटकेला माणूस बदलायचा. बिशपच्या नाटकातली अठरा माणसं एका रात्रीत आली नव्हती. त्यांची तालीम इथे झाली होती.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. १९१७. दुपंखी विमानाशेजारी उभा तरुण वैमानिक.]

बिशप ओंटारियोतल्या ओवेन साउंडचा. लष्करी महाविद्यालयात परीक्षेत नक्कल करताना सापडलेला. आधी घोडदळात गेला, छावणीतल्या चिखलाला वैतागला आणि विमानदळात शिरला. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या नावावर शत्रूची ७२ विमानं जमा होती. २ जून १९१७ च्या पहाटे तो एकटाच जर्मन विमानतळावर चालून गेला, आणि त्या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बाकीच्या वैमानिकांच्या बाबतीत साक्षीदार लागत. या पहाटेला बिशपच्या बाजूनं साक्षीदार कुणीच नव्हता. सगळी भिस्त त्याच्या शब्दावर.

१९१८ मध्ये त्यानं स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. तेच पुढे ग्रे आणि पीटरसन यांच्या हाती लागलं आणि नाटकाची सुरुवात झाली.

नाटक देशभर फिरलं. १९८० मध्ये माइक निकोल्स यांच्यासारख्या बड्या निर्मात्यानं ते न्यूयॉर्कला, ब्रॉडवेवरच्या मोरोस्को थिएटरला नेलं. तिथे प्रयोग झाले बारा! बाराव्या प्रयोगानंतर ते उतरलं आणि शहरातल्या छोट्या नाट्यगृहात गेलं, तिथे उन्हाळाभर चाललं. पुढे एडिंबरा, मग लंडन. ग्रे यांना याच नाटकासाठी १९८२ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

ब्रॉडवेच्या बारा प्रयोगांवर थांबून काही जण हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं दिसत नाही. न्यूयॉर्क पाहिल्यावर तिथेच राहायचा, किंवा हॉलिवूडची वाट धरायचा मोह किती जणांना आवरला असेल? पीटरसन टोरांटोला परतले, आणि पुढची कारकीर्द मुख्यतः कॅनडातच केली.

[दृश्य: १९८२. चित्रपट मंडळाच्या माहितीपटाची रिळं. ओटावा, संसदेची इमारत.]

त्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानं बिशपवर माहितीपट काढला, दिग्दर्शक पॉल कोवन. त्यात पीटरसन यांच्या प्रयोगातले तुकडे होते, आणि एक रोखठोक प्रश्नही होता: तो पहाटेचा हल्ला खरंच झाला का? माजी सैनिक खवळले. प्रकरण थेट संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सिनेटच्या समितीपुढे गेलं, १९८५ मध्ये सुनावण्या झाल्या, आणि अखेर हा नाट्यमय माहितीपट आहे अशी पाटी त्याला लावावी लागली.

बिशप खरं बोलला की खोटं, याचा निकाल नटाला देता येत नाही, देऊही नये. पण 'हा म्हणतो ते खरं मानायचं का' ही शंका प्रेक्षकाच्या मनात जागी ठेवून त्याच माणसावर जीव जडवणं, हे काम नटाचंच. ते पीटरसन यांना किती साधलेलं आहे, हे पुढे आणखी एकदा दिसलं.

[दृश्य: टोरांटो, क्वीन स्ट्रीट. ट्राम. एका इमारतीवर वकिलांच्या कचेरीची पाटी.]

कॅनडात नटाला घर चालवायचं तर दोन दगडांवर पाय ठेवावाच लागतो. रंगभूमीवरच्या नटांची संघटना वेगळी, पडद्यावरच्यांची वेगळी, आणि अनेक नटांकडे दोन्ही सभासदत्वं असतात. पीटरसन यांना घराघरात पोचवलं ते कॅनडाच्या सार्वजनिक सीबीसी वाहिनीवरच्या वकिलांच्या मालिकेनं. १९८७ ते १९९४ अशी ती चालली. 'स्ट्रीट लीगल' तिचं नाव. त्यात ते लिऑन रॉबिनोविच, गरिबांचे खटले घेणारा, तत्त्वासाठी भांडणारा वकील. या भूमिकेनं त्यांना दूरचित्रवाणीचा जेमिनी पुरस्कारही मिळवून दिला.

आणि मग, २००४ मध्ये, ते आपल्या मुलखात परतले.

[दृश्य: रूलो, सस्कॅचवन. सरळ रस्ता, एक पेट्रोलपंप, भोवती नुसतं आभाळ.]

'कॉर्नर गॅस'. डॉग रिव्हर नावाचं काल्पनिक गाव, आसपास साठ किलोमीटरमध्ये एकच पेट्रोलपंप, आणि तिथे चहाकॉफीला जमणारी पाचसहा माणसं. घडत काहीच नाही, आणि तरी अख्खा देश टक लावून बघतो. मालिकेचे कर्ते ब्रेंट बट याच प्रांतातल्या टिसडेल गावचे. चित्रीकरण रिजायनाजवळच्या रूलोमध्ये. सहा हंगाम, १०७ भाग.

पीटरसन यात ऑस्कर लेरॉय. पंपाचा निवृत्त मालक, हेकट, चिडका, कंजूष म्हातारा. समोरच्याला 'गाढवा!' म्हणून हाणल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. त्याची बायको एमा, भूमिका जॅनेट राइट यांची. त्याही मुरलेल्या रंगभूमीवाल्या, सस्कॅटूनचं पर्सेफनी थिएटर उभं करणाऱ्यांपैकी एक. या दोघांचे प्रसंग बघताना मला हसू येतं आणि लगेच कौतुक वाटतं. एमा बागेत खपत असते, ऑस्कर एका पायावर तणतणत येतो, ती मान वर न करता एक वाक्य टाकते, आणि तो विझतो. दोघांचा वेळ असा जुळलेला की त्यात दोन जन्मांचं नाटक दिसतं. ऑस्करचं ते बोलणं पीटरसन यांना कुठून आणावं लागलं नसणार. गव्हाच्या गावात वाढलेल्या माणसाच्या कानात असे ऑस्कर लहानपणापासून असतात.

शेवटचा भाग १३ एप्रिल २००९ ला लागला तेव्हा सुमारे तीस लाख लोक टीव्हीसमोर होते. जॅनेट राइट २०१६ मध्ये गेल्या. त्याच वर्षी रूलोमधला तो पंपही पाडला गेला.

[दृश्य: टोरांटो. अंधारा रंगमंच. अडगळीचं सामान. पियानो.]

२००९. मालिका संपली त्याच वर्षी टोरांटोच्या सोलपेपर कंपनीनं बिली बिशप पुन्हा रंगमंचावर आणला. पियानोवर तेच ग्रे, नट तेच पीटरसन. त्याआधी १९९८ मध्ये, नाटकाला वीस वर्षं झाली तेव्हाही दोघांनी ते केलं होतं. त्या वेळी संहितेत बदल केला, कारण पन्नाशी ओलांडलेल्या नटाला तेवीस वर्षांच्या पोराचं सोंग आणायचं नव्हतं. वय झालेला बिशप मागे वळून सांगतो आहे, अशी मांडणी झाली.

२००९ चा बिशप येतो तो रात्रीच्या कपड्यांत, वर गाऊन. दिग्दर्शक टेड डायक्स्ट्रा. खरा बिशप १९५६ मध्ये गेला तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. पीटरसन यांचं वय त्या वर्षी बासष्टच होतं.

या प्रयोगावर बार्बरा विलिस स्वीट यांनी २०१० मध्ये चित्रपट केला, म्हणून तो आज आपल्याला पाहता येतो. जमलं तर नक्की पाहा. शब्द बहुतेक तेच आहेत. सोबत्यांची मरणं, पहिलं विमान पाडल्याचा आनंद, राजाची भेट. पण बत्तिसाव्या वर्षी तो आनंद पोरकट उत्साहाचा असतो. बासष्टीत तीच वाक्यं बोलणाऱ्या माणसाला, त्या पोरांपैकी कितीजण परत आले नाहीत, हे आधीच माहीत असतं. गाणं तेच असतं, गळा म्हातारा असतो, आणि शेजारी पियानो वाजवणारा मित्रही तितकाच म्हातारा. हे कुठल्याही तालमीत कमावता येत नाही. त्याला तीस वर्षं लागतात, आणि ती दोघांनी दिली होती.

[दृश्य: पिवळ्या फुलांचं कॅनोलाचं शेत. वारा.]

२०१२ मध्ये पीटरसन यांच्या वाट्याला आणखी एक खरा माणूस आला. पर्सी श्माइझर, सस्कॅचवनमधल्या ब्रूनो गावचा शेतकरी. त्याच्या शेतात मोन्सँटो कंपनीच्या पेटंटचा कॅनोला उगवला, कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातलं पीक. कंपनीनं खटला भरला. तो म्हणाला, बी वाऱ्यानं आलं, पीक माझं. कंपनी म्हणाली, यानं जाणूनबुजून ते बी राखलं आणि पेरलं. २००४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, पण श्माइझरला एक पैसाही भरायला लावला नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे परकं वाटू नये. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती याच मोन्सँटो आणि जालन्याच्या महिको यांच्या भागीदारीतून. आपल्याकडे २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याचा स्वतःचं बियाणं राखायचा हक्क मान्य केला. कॅनडात श्माइझर तोच हक्क मागत कोर्टात उभा होता.

याच खटल्यावरचं अॅनाबेल सूटार यांचं 'सीड्स' हे नाटक, मुलाखती आणि न्यायालयातल्या नोंदी यांतूनच रचलेलं. त्यात पीटरसन श्माइझर झाले. दिग्दर्शक ख्रिस अब्राहम. आणि पुन्हा तोच पेच: साक्षीदार वाऱ्याशिवाय कुणी नाही. पीटरसन यांचा पर्सी मोकळा, गप्पिष्ट, चटकन आपलासा होणारा. नाटक मात्र हळूहळू विचारत राहतं, की आवडतो म्हणून खराही मानायचा का? इंडियन हेडच्या नटाला ब्रूनोच्या शेतकऱ्याची भाषा शिकावी लागली नाही, आणि त्याला भोळा हुतात्मा करून सोडायचा मोहही त्यांनी टाळला.

[दृश्य: टोरांटोचं क्रोज थिएटर. प्रेक्षक चारही बाजूंनी. जुनं लाकडी घर.]

२०२२ मध्ये अब्राहम यांनी चेखॉव्हचं 'अंकल वान्या' केलं. त्यात पीटरसन झाले प्राध्यापक सेरेब्रियाकोव्ह: आजारांच्या तक्रारींनी घर वेठीला धरणारा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कष्टावर विद्वान म्हणवून घेतलेला म्हातारा. प्रयोग इतका चालला की २०२४ मध्ये तो शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात हलवावा लागला. तेव्हा पीटरसन सत्याहत्तर वर्षांचे होते.

चेखॉव्हनं या प्राध्यापकाला शेवटपर्यंत थांबू दिलेलं नाही. चौथ्या अंकात तो सगळ्यांना काम करण्याचा उपदेश करतो, निरोप घेतो आणि गाडीत बसून निघून जातो. शेवटचं बोलणं सोनियाचं, शेवटचे अश्रू वान्याचे. दोन तास एकट्यानं अठरा माणसं पेललेला हा नट आता आपलं एक माणूस संपवून विंगेत येतो. बाहेर घोड्यांच्या घुंगरांचा आवाज विरत जातो. आत दिव्याखाली हिशेबाच्या वह्या उघडल्या जातात. अजून काही मिनिटांचं नाटक बाकी असतं, आणि अभिवादनाला हाक येईपर्यंत त्यांना तिथेच थांबायचं असतं.