सेंटरला कोण? न्यूयॉर्कच्या गल्ल्यांमधला एक जुना वाद

[दृश्य: ब्रुकलिन, बेडफर्ड अव्हेन्यू. उंच विटकरी इमारती, खाली पार्क केलेल्या गाड्या.]

ह्या बिल्डिंगी दिसतायत ना, ह्यांचं नाव एबेट्स फील्ड अपार्टमेंट्स. नाव ऐकून वाटतं आसपास कुठंतरी मैदान असेल, तर नाही, मैदान ह्यांच्याच खाली गेलंय. १९१३ ते १९५७ इथं ब्रुकलिन डॉजर्स ही बेसबॉलची टीम खेळायची. १९६० च्या फेब्रुवारीत स्टेडियम पाडायला क्रेन आली तेव्हा तिला लटकवलेला तो लोखंडी गोळा चक्क बेसबॉलसारखा रंगवला होता, पांढरा, वर शिवणीसकट. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे. आणि पुढं बिल्डिंगी झाल्यावर आवारात पाटी लागली की इथं बॉल खेळायला मनाई आहे. आता ह्याच्यावर मी वेगळा काय जोक मारणार.

पण आजचा विषय स्टेडियम नाहीये, आजचा विषय आहे भांडण. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जी पोरं वाढली त्यांना आजही, म्हणजे ऐंशीच्या पुढं गेलेल्या त्या आजोबांना, एकच प्रश्न विचारा, सेंटर फील्डला सगळ्यात भारी कोण होता, आणि मग मागं सरकून बसा.

आधी थोडं समजून घेऊ. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सेंटर फील्ड म्हणजे बॉलरच्या सरळ पाठीमागं, बाउंड्रीजवळचा मधला माणूस. त्याच्या दोन्ही बाजूंना लेफ्ट आणि राईट फील्डर असतात, पण उंच उडालेल्या बॉलवर पहिला हक्क ह्याचा, सगळ्यात जास्त जागा ह्यानंच कव्हर करायची, त्यामुळं ह्याला पळता पण आलं पाहिजे, थ्रो पण पाहिजे, आणि टीमला वाटतं की ह्यानं वर बॅटिंगपण करावी. असा माणूस एका शहराला एक मिळाला तरी नशीब. न्यूयॉर्ककडं त्या वेळी तीन होते, तीन वेगळ्या टीममध्ये.

ब्रॉन्क्समध्ये यांकीज, त्यांचा मिकी मँटल, ओक्लाहोमाचा, ७ नंबरची जर्सी. ब्रुकलिनमध्ये डॉजर्स, त्यांचा ड्यूक स्नायडर, कॅलिफोर्नियाचा, ४ नंबर. आणि हार्लेमच्या कडेला पोलो ग्राउंड्सवर जायंट्स, त्यांचा विली मेझ, अलाबामाचा, २४ नंबर. १९४९ ते १९५६ सलग ८ वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या शेवटची फायनल, न्यूयॉर्कच्याच कुठल्या ना कुठल्या टीमनं जिंकली. बाकी अमेरिका वैतागली असणार ह्यात शंकाच नाही.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. रस्त्याच्या मधोमध झाडूचा दांडा धरलेला मुलगा.]

आता खाली गल्लीत येऊ, कारण खरा वाद तिथंच चालायचा. खेळाचं नाव स्टिकबॉल. बॅट म्हणजे झाडूचा नाहीतर मॉपचा दांडा, बहुतेक वेळा आईला न विचारता काढलेला, पकडायच्या जागी टेप गुंडाळलेली. बॉल म्हणजे स्पाल्डिंग कंपनीचा गुलाबी रबरी बॉल, टेनिस बॉलवरची लव काढली की आत जे उरतं तसला, पोरं त्याला स्पॉलडीन म्हणायची. बेसबॉलमध्ये बॅटिंगच्या जागेला होम म्हणतात, तिथून निघून फर्स्ट, सेकंड, थर्ड असे तीन बेस करत परत होमला आलं की एक रन. इथं रस्त्यातलं एक गटाराचं झाकण म्हणजे होम, त्याच्या पुढचं झाकण म्हणजे सेकंड बेस, आणि फर्स्ट आणि थर्डला जी कुठली गाडी उभी असेल तिचा मडगार्ड. गाडीचा मालक मधेच येऊन गाडी घेऊन गेला की बेसच गेला. अंतर मोजायचं मापही झाकणंच, दोन झाकणं पार मारलं तर बरा, तीन झाकणं मारणारा पोरगा म्हणजे सगळ्या ब्लॉकमध्ये त्याची वट. बॉल गच्चीवर गेला तर बऱ्याच गल्ल्यांमध्ये आऊट. डायरेक्ट भिंतीपलीकडं आऊट हा नियम डोंबिवली असो नाहीतर ब्रॉन्क्स, पोरांना कुणी शिकवावा लागत नाही, बॉल आणायला कोण जाणार ह्यातूनच तो तयार होतो.

टीम पाडायची पद्धतपण सांगतो. दोन कॅप्टन, एकानं दांडा उभा फेकायचा, दुसऱ्यानं मधेच पकडायचा, मग मुठीवर मूठ, मुठीवर मूठ असं वर जायचं, ज्याची मूठ शेवटी टोकाला बसेल त्याची पहिली निवड. शेवटी जो उरायचा त्याचे हाल सगळीकडं सारखेच. आणि निवड झाली की पुढचं भांडण, आज मेझ कोण, मँटल कोण. मेझ झालेला पोरगा कॅच घेताना हात डोक्यावर न नेता पोटाशी ओंजळ करून घेणार, कारण विली तसाच घ्यायचा, आणि त्या नादात निम्मे कॅच सुटणार. मँटल झालेल्यानं एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हातानं बॅटिंग करायची, कारण मिकी दोन्हीकडून खेळायचा, जमो न जमो.

पोलीस आला की दांडा जप्त. खिडकीची काच फुटली की गल्ली दहा सेकंदात रिकामी.

[दृश्य: सेंट निकोलस प्लेस, हार्लेम.]

आणि आता ह्या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. विली मेझ १९५१ च्या मे महिन्यात जायंट्सकडं आला तेव्हा २० वर्षांचा होता. पहिल्या १२ वेळा बॅटिंगला गेला, एकही हिट नाही, म्हणजे फटका मारून एकदाही बेस गाठला नाही. पहिला हिट लागला तो होमरन, आपल्या सिक्सरसारखा, तोही वॉरन स्पानसारख्या दादा पिचरला, म्हणजे बॉलरला, आणि मग परत गाडी अडकली. पोरगा रडला, म्हणाला मला परत खालच्या लीगमध्ये पाठवा, तर मॅनेजर लिओ ड्युरोशरनं सांगितलं की मी इथं आहे तोपर्यंत सेंटरला तूच. त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सगळ्यात भारी नवा खेळाडू, हाच. हा हार्लेममध्ये स्टेडियमजवळच राहायचा, भाड्यानं, आणि सकाळी गल्लीतली पोरं ह्याच्या खिडकीशी येऊन हाका मारायची की चल खेळायला. आणि हा यायचा! मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचा खेळाडू रस्त्यावर उतरून झाडूच्या दांड्यानं खेळायचा, नंतर पोरांना आईस्क्रीम खिलवायचा, आणि मग स्टेडियमला जाऊन खरी मॅच. ह्याचे फोटो आहेत, दंतकथा नाहीये. तो किती झाकणं पार मारायचा त्याचे आकडे मात्र सांगणाऱ्यागणिक वाढत जातात, तिथं माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आता विचार करा, ज्या पोरानं विलीला आपल्या गल्लीत खेळताना बघितलंय त्याला तुम्ही मँटलचे आकडे सांगून काय होणार आहे? माझं म्हणणं हेच आहे की हा वाद सेंटर फील्डरचा कधी नव्हताच, तुमचं घर कुठल्या स्टेशनाजवळ आहे त्याचा होता, आकडे नंतर शोधून आणायचे. फक्त एक मोठा अपवाद. १९४७ मध्ये डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे त्या काळच्या मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, आणलं तेव्हापासून शहरातली, आणि शहराबाहेरचीही, खूप कृष्णवर्णीय कुटुंबं घर कुठंही असो डॉजर्सच्या मागं उभी राहिली. यांकीजनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५ मध्ये उतरवला. आठ वर्षांनी. हे पोरांना बरोबर कळत होतं.

[दृश्य: पोलो ग्राउंड्सचा नकाशा, घोड्याच्या नालेसारखा.]

वादात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार म्हणजे २९ सप्टेंबर १९५४ चा कॅच. वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, समोर क्लीव्हलंड, ज्यांनी त्या सीझनला १११ मॅचेस जिंकल्या होत्या. आठवी इनिंग, २-२, दोन माणसं बेसवर, आऊट कुणी नाही, आणि विक वर्ट्झनं सेंटरला असला लांब मारला की बास. मेझ पाठ फिरवून पळत सुटला, बॉल खांद्यावरून येतोय, बघायला वेळ नाही, आणि घेतला. पण कॅचपेक्षा भारी त्याच्या पुढचं, गरकन वळून जो थ्रो मारलाय त्यामुळं सेकंडवरचा माणूस थर्डपर्यंतच जाऊ शकला. रन निघालाच नाही. पोलो ग्राउंड्सचं मैदान विचित्र, सेंटरची भिंत ४८३ फुटांवर आणि राईटचा कोपरा फक्त २५८ च्या आसपास. म्हणजे वर्ट्झचा चारशे फुटांच्या वर गेलेला बॉल आऊट, आणि दहाव्या इनिंगला डस्टी ऱ्होड्सनं राईटच्या कोपऱ्यात जेमतेम २६० फूट टोलवला तर होमरन आणि मॅच खिशात. जायंट्सनी सिरीज ४-० मारली. क्लीव्हलंडवाल्यांचं डोकं किती फिरलं असेल बघा.

यांकीजवाली पोरं ह्यावर काय म्हणायची तर मोठं मैदान होतं म्हणून कॅच झाला, ब्रुकलिनमध्ये तो बॉल सरळ पब्लिकमध्ये गेला असता. हे खरंपण आहे.

मग मँटलचं काय? मँटलचं दुखणं गुडघा. १९५१ ची वर्ल्ड सिरीज, यांकीज विरुद्ध जायंट्स, दुसरी मॅच. बॅटिंगला विली मेझ, उंच फटका, सेंटरला तेव्हा अजून यांकीजचा जुना स्टार जो डिमॅजिओ होता, मँटल राईटला. दोघं बॉलवर धावले, डिमॅजिओनं माझा म्हटलं, मँटल ब्रेक मारायला गेला आणि पाय अडकला मैदानातल्या पाणी जायच्या झाकणात. गल्लीत ज्या झाकणाला पोरं सेकंड बेस मानायची तसल्याच एका झाकणानं १९ वर्षांच्या पोराचा गुडघा घेतला, तो पुढं कायमचा त्रास देत राहिला. त्या गुडघ्यावर त्यानं १९५६ मध्ये काय केलं बघा, ३५३ ची ॲव्हरेज, म्हणजे हजारात ३५३ वेळा हिट, ५२ होमरन, १३० रन बॅटेड इन, म्हणजे ह्याच्या बॅटिंगवर निघालेले रन, तिन्हीत लीगमध्ये पहिला. त्याला ट्रिपल क्राउन म्हणतात. पुढच्या वर्षी ३६५ ची ॲव्हरेज, आणि पिचर लोक इतके घाबरले की १४६ वेळा त्याला फुकट फर्स्ट बेसवर सोडलं. ह्यालाच वॉक म्हणतात. त्या काळी वॉकला कुणी किंमत द्यायचं नाही, नुसता उभा राहिला आणि चालत गेला म्हणायचे, आता मात्र आकडेवाले म्हणतात ह्यातच अर्धी मॅच असते.

आणि ड्यूक. ड्यूकवर अन्याय होतो बरं का. तिघंही पूर्ण सीझन न्यूयॉर्कमध्ये खेळले अशी वर्षं चारच, १९५४ ते १९५७. त्या चार वर्षांत मँटलचे होमरन १५०, मेझचे १६३, आणि ड्यूकचे १६५. अख्ख्या १९५० च्या दशकात मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन ह्याचेच, ३२६. मग माणूस तिसरा का? तर समोरचा लगेच म्हणणार, एबेट्स फील्डची राईटची भिंत जवळ आणि हा डावखुरा, डावखुऱ्याचा जोरदार फटका बहुतेक राईटलाच जातो. शिवाय डॉजर्सची लाइनअप बघा, रॉबिन्सन, कॅम्पानेला, हॉजेस, रीस, फुरिलो, सगळे उजवे. उजव्या बॅट्समनला डावखुरा पिचर सोपा जातो आणि डावखुऱ्याला उजवा, त्यामुळं समोरची टीम तिथं डावखुरा पिचर आणायचीच नाही, कारण हे उजवे त्याला फोडून काढायचे, आणि ड्यूकला खायला सगळे उजवे पिचर मिळायचे. बोलणं बरोबर आहे. पण मग असं म्हणा की टीम निवडणाऱ्यानं डोकं लावलं होतं. मिळालेल्या पिचरला मारायचं काम तर ड्यूकनंच केलं ना?

[दृश्य: रंगीत बेसबॉल कार्ड, सायकलच्या चाकात कपड्यांच्या चिमट्यानं लावलेलं.]

कार्डांबद्दल थोडक्यात. च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं यायची, पोरं ती हवेतून गिरकी घेत खाली पाडायची, चित्र वर की पाठ वर, दुसऱ्याचं तसंच पडलं तर दोन्ही त्याची. डबल झालेली सायकलच्या तारांत खुपसायची, मोटरसारखा आवाज येतो म्हणून. टॉप्स ह्या कार्डं काढणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. किती मँटल असे फर्रफर्र करत झिजले असतील त्याचा हिशोब न केलेला बरा.

१९५७ संपलं आणि दोन टीम शहर सोडून गेल्या. डॉजर्स लॉस एंजेलिसला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. म्हणजे तीन बाजूंच्या भांडणातल्या दोन बाजूंची टीमच उठून गेली, राहिले यांकीज, आणि खरा डॉजर्सवाला यांकीजकडं जाणं म्हणजे अशक्यच. १९६२ ला मेट्स ही न्यूयॉर्कची नवी टीम आली, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन्ही रंग घेऊन, पहिली दोन वर्षं खेळली पण पोलो ग्राउंड्सवरच, आणि १९७२ मध्ये म्हाताऱ्या होत आलेल्या मेझला परत न्यूयॉर्कला घेऊन आली. ड्यूकचं मात्र वाईट झालं, स्वतःच्या गावी गेला खरा, पण लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये राईटची भिंत मैलभर लांब, गुडघापण कुरकुरत होता, आणि १९५७ ला ४० होमरन मारलेला माणूस १९५८ ला १५ वर आला. ब्रुकलिनचे विरोधक म्हणाले बघा, सांगत होतो ना.

आता माझी टीम. पूर्ण करिअर धरलं तर मेझ, ६६० होमरन, सगळ्यात भारी फील्डिंगला मिळणारे १२ गोल्ड ग्लोव्ह, आणि आजकाल वॉर नावाचा जो हिशोब करतात, साध्या बदली खेळाडूपेक्षा ह्यानं किती मॅचेस जास्त जिंकून दिल्या त्याचा, त्यात मेझ दीडशेच्या वर, मँटल ११० च्या आसपास, स्नायडर ६६ च्या आसपास. एवढा फरक असल्यावर सेंटरला मेझ, विषय संपला. मँटल राईटला, १९५१ मध्ये खेळलाच होता तो तिथं. ड्यूकला लेफ्टला पाठवतो, ब्रुकलिनवाले शिव्या घालतील, घालू देत, पण बाहेर बसवणार नाही, कारण १९५२ आणि १९५५ अशा दोन वर्ल्ड सिरीजमध्ये ४-४ होमरन मारलेत त्यानं, दोन्ही वेळा यांकीजविरुद्ध, आणि १९५५ ला ब्रुकलिननं आयुष्यातली एकमेव सिरीज जिंकली त्याच्या आधी यांकीजकडून ५ वेळा मार खाल्ला होता.

बॅटिंगमध्ये चौथ्या नंबरला मात्र मी मँटल घेणार. दोन्ही हातांनी खेळतो, त्यामुळं समोरच्या मॅनेजरनं ऐन वेळी डावा आणला काय आणि उजवा आणला काय, फरक शून्य. मेझ तिसरा, ड्यूक पाचवा, आणि ड्यूकच्या मागं हॉजेस नाहीतर कॅम्पानेला, कुणीतरी उजवा पाहिजेच, नाहीतर ते सगळे डावखुरे पिचर काढून बसतील.