भुलेखालचा रक्तदाब

नमस्कार श्रोतेहो. ऑपरेशन ठरलं की सर्जन कोण, हे आपण चार ठिकाणी विचारतो. भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. आज त्या भूलतज्ज्ञांच्या एका मोठ्या काळजीविषयी बोलू: टेबलावर उतरणारा रक्तदाब.

१८९३ साल, बॉस्टन. हार्वे कुशिंग नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी बाकावर बसून ऑपरेशन बघायला आलेला. त्यालाच खाली बोलावलं, म्हणाले, भुलेसाठी ईथर दे. त्यानं दिलं, आणि रुग्ण टेबलावरच गेला! सर्जन म्हणाले, होतं असं, मनावर घेऊ नकोस. कुशिंगनं घेतलं. त्यानं आणि त्याच्या मित्रानं, कॉडमननं, पैज लावली: चांगली भूल कोण देतो बघू, हरेल त्यानं जेवण घालायचं. मग भूल देताना दोघं नाडी आणि श्वास कागदावर टिपू लागले. भुलेचा तक्ता सुरू झाला तो असा, जेवणाच्या पैजेतून.

पुढे १९०१ मध्ये कुशिंग इटलीत पाव्हियाला गेला. तिथं रिव्हा-रोची यांनी सायकलीची ट्यूब दंडाला गुंडाळून दाब मोजायचं यंत्र केलं होतं. (सायकलीवरून आठवलं, पुण्यात सायकली होत्या तेव्हा निम्म्या लोकांना हे यंत्र लागतच नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. असो.) कुशिंगनं चित्र काढून घेतलं, पट्टा मिळवला आणि अमेरिकेला नेला. बॉस्टनच्या जाणत्यांनी ठरवलं, नाडीवरचं अनुभवी बोटच बरं! आज मात्र निदान दर पाच मिनिटांनी दाब बघतातच.

कारण भुलेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात, कमरेत सुई देऊन भूल दिली तरीही. त्यात रक्तस्राव झाला की दाब आणखी उतरतो. १२०/८० म्हणजे सरासरी ९३ धरा (खालचा आकडा, अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश). ही सरासरी ६५ च्या खाली बराच वेळ राहिली, तर मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. हृदयाची ही इजा बहुतेक वेळा छातीत न दुखताच होते. भूलतज्ज्ञ सलाइन आणि औषधं देऊन दाब सावरतात.

तुमचं काम एवढंच: घेत असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञांना सांगा. बीपीची तर सांगाच. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी भुलेखाली दाब जास्त उतरू शकतो. पण मनानं बंद करू नका. पुन्हा सांगतो, गोळी सांगायची, मनानं बंद करायची नाही.

आणि ऑपरेशननंतर लघवी कमी झाली, तर सिस्टरना लगेच सांगा. पहिल्यांदा उठताना आधी पाय खाली सोडून जरा बसा. चक्कर आली तर पुन्हा आडवे व्हा.