वय झालेल्या कातडीची घरची निगा

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या वयस्कर माणसाच्या नडगीवर पांढुरके खवले दिसायला लागले, पाठ सारखी खाजायला लागली, की घरचे पाणी आणखी कढत करतात, साबण जास्त लावतात आणि अंग जोरात घासतात. नेमकं हेच करायचं नसतं. दुखणं मळाचं नसून कोरडेपणाचं असतं. वयाबरोबर तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी मंदावतात, कातडीचा वरचा थर पातळ होतो आणि खालच्या थरावरची त्याची पकड सैल पडते. म्हणून अंगातला ओलावा भराभर उडतो आणि जराशा ओढाताणीनं साल निघते. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप, 5 च्या आसपास. नेहमीची साबणवडी मात्र 9 ते 10 पीएचची, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. त्यामुळे कातडीचं उरलंसुरलं संरक्षणही ती धुऊन नेते.

तेव्हा पाणी कोमट घ्या आणि 5 ते 10 मिनिटांत अंघोळ उरका. साबण सौम्य, बिनवासाचा असावा, आणि तोही काख, जांघा, पावलं एवढ्यापुरताच. हातापायांना नुसतं पाणी पुरतं. या जागा रोज स्वच्छ होत असतील, तर पूर्ण अंघोळ एक दिवसाआड घातली तरी बिघडत नाही. घासणी तर न्हाणीघरात ठेवूच नका. अंग पंचानं पुसण्याऐवजी टिपून घ्या.

टिपल्यावर अंग थोडं दमट असतानाच, साधारण 3 मिनिटांच्या आत, क्रीम लावा. क्रीम ओलावा आत कोंडून धरतं. कातडी कोरडी ठणठणीत झाल्यावर लावलं तर कोंडायला काही उरलेलंच नसतं. फार कोरड्या कातडीला पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली बरी. खवले धरलेल्या नडगीला 5 ते 10 टक्के युरियाचं क्रीम चांगलं, पण भेगांवर ते झोंबतं. तिथे आधी जेली लावून भेगा भरून येऊ द्या. आणि हात आखडता घेऊ नका. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळेला 20 ते 30 ग्रॅम क्रीम लागतं. सगळं अंग कोरडं असताना 100 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर ते क्रीम लावणं नव्हे, नुसतं दाखवणं झालं! लावताना केसांच्या दिशेनं हात फिरवा, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका, तिथे ओल साचून बुरशी धरते. तळपायाला लावलं असेल तर मोजे घातल्याशिवाय त्यांना उभं करू नका, पाय घसरतो. जेली किंवा क्रीम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, हेही ध्यानात असू द्या.

दोन आठवडे असं नेमानं करूनही खाज हटली नाही, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा लोहाची कमतरता, यांतल्या कशानंही पुरळ न येता अंग खाजू शकतं. रात्री खाज वाढते, हाताच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या आहेत, घरातले इतरही खाजवत आहेत, असं असेल तर खरजेची शंका घ्या. मग औषध सगळ्या घराला एकाच वेळी लागतं. डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचं मलम मात्र लावू नका. आधीच पातळ असलेली कातडी त्यानं आणखी पातळ होते.

काखेत, स्तनांखाली, पोटाच्या वळीत पावडर थापायची सवय असते. घामात तिचे गोळे होऊन काचतात. ती जागा टिपून कोरडी ठेवणं पुरेसं आहे. डायपर ओलं झालं की लगेच बदला, कोमट पाण्यानं पुसा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात मोठी भीती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमांची. रोज उजेडात माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कानांच्या पाळ्या बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर जखमेची ती सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे बोटांनी चाचपून बघा, शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम, गार, टणक किंवा मऊ लागते का. डाग चोळायचा मात्र नाही. चोळल्यानं आतल्या नाजूक पेशी आणखी दुखावतात. भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडेवर दाब येऊन मधला रक्तपुरवठा कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर न वळवता पाठीशी उशी लावून 30 अंश कलवा. टाचांसाठी उशी पोटरीखाली लांबीत ठेवा, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच अधांतरी. वर सरकवताना फरफटवू नका. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचला.

टाचेवर काळी, कोरडी खपली धरली असेल तर ती घरी काढू किंवा भिजवू नका; तशीच डॉक्टरांना दाखवा. भोवती सूज, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी.