भट्टीच्या अस्तराची तारीख

(पडदा काळा. हळूहळू नारिंगी उजेड पसरतो.)

लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीच्या तळाशी खास मातीने बुजवलेलं एक भोक असतं. ड्रिल आत घुसतं, माती फुटते आणि साधारण १५०० अंश तापलेलं लोखंड पाटातून धावत सुटतं. कामगार याला टॅपिंग म्हणतात. रात्र असो, पाऊस असो, सुट्टी असो, टॅपिंग चुकत नाही. कारण झोतभट्टी एकदा पेटली की पुढची पंधरा-वीस वर्षं ती धगधगतीच ठेवायची असते. मध्येच थंड झाली, तर पोटातलं लोखंड तळाशी गोठतं आणि विटांच्या अस्तराला तडे जातात.

अशा एका भट्टीच्या आसऱ्याने अख्खा औद्योगिक पट्टा वाढतो. शेजारी सिमेंटचा कारखाना येतो, खताचा येतो, रिफायनरी येते, वीज केंद्र येतं. आता या पट्ट्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड थांबवायचा आहे. हात कुठे घालायचा?

कोळशाच्या जागी सौर वीज आणा, असं म्हणणं सोपं आहे. पण झोतभट्टीतला कोक, म्हणजे भाजून तयार केलेला कोळसा, नुसता जळत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन तोच ओढून घेतो. वरून पडणाऱ्या खनिजाचा भार पेलतो, आणि त्या थरांतून गरम वारा वर जाऊ देतो. एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचं मूळ इथे आहे.

सिमेंटची गोष्ट तर त्याहून अवघड. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कशावरही तापवा, हे ४४ किलो सुटणारच. ते दगडातच आहेत.

(दृश्य: लाल वितळलेल्या मळीवर पाण्याचा जोरदार फवारा. वाफेचा लोट. खाली वाळूसारखे दाणे.)

हे दृश्य नीट बघा. लोखंडावर तरंगणारी ही मळी. पाण्याचा मारा बसला की ती क्षणात काचेसारखी फुटून दाणेदार होते. हे दाणे दळून सिमेंटमध्ये मिसळतात. जितकी मळी जास्त, तितकं क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारे सिमेंटचे मूळ खडे, कमी लागतं, तितकी चुनखडी कमी भाजावी लागते. म्हणजे पोलाद कारखान्याचा कचरा शेजारच्या सिमेंट कारखान्याचा कार्बन कमी करतो.

मग उद्या ही झोतभट्टी बंद करून तिथे विजेवर चालणारी आर्क फर्नेस बसवली तर? पोलादाचा हिशेब सुधारेल. पण आर्क फर्नेसची मळी वेगळ्या जातीची असते, ती सिमेंटमध्ये तशी चालत नाही. सिमेंटवाल्यांना पुन्हा जास्त क्लिंकर भाजावं लागेल. झोतभट्टीचा गॅस ज्या बॉयलरमध्ये जळत होता, तो बॉयलरही थंड पडेल. एका कुंपणाच्या आत कमी झालेला कार्बन दुसऱ्या कुंपणाच्या आत वाढेल, आणि दोघांचे वार्षिक अहवाल वेगवेगळे छापले जातील.

म्हणून योजना पट्ट्याची हवी. प्रत्येक कारखान्याने आपापली करून मग त्या एकत्र शिवल्या, तर हे धागे सुटतात.

डेन्मार्कमधल्या कालुनबोर्गमध्ये कारखाने १९७२ पासून एकमेकांचं उरलेलं वापरत आले आहेत. रिफायनरीचा जादा गॅस जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला, वीज केंद्राची वाफ औषध कारखान्याला. पुढे त्या वीज केंद्राने कोळसा सोडला, लाकडाचे तुकडे जाळायला सुरुवात केली. वाफ मात्र शेजाऱ्यांना मिळत राहिली. मला या उदाहरणाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की आधी कोणीतरी शेजाऱ्याचं दार ठोठावलं होतं.

(दृश्य: रिकाम्या भट्टीच्या आत उतरलेले कामगार, भिंतीवर नव्या विटा.)

आता अस्तराकडे येऊ. पंधरा-वीस वर्षांनी भट्टीच्या आतल्या विटा झिजतात. तेव्हा प्रचंड पैसा ओतून नवं अस्तर लावायचं, की भट्टीच बदलायची, हे ठरवावं लागतं. नवं अस्तर लावलं, तर पुढची पंधरा-वीस वर्षं कोळशाला बांधली गेली. पट्ट्याच्या योजनेतली सर्वांत महत्त्वाची तारीख हीच. कोणत्याही घोषणेतल्या उद्दिष्ट वर्षापेक्षा मी या तारखेला जास्त मानतो, कारण ती विटांनी ठरवलेली असते.

समजा, भट्टी बदलून हायड्रोजनने लोखंड काढायचं ठरलं. ऑक्सिजन ओढून न्यायचं काम हायड्रोजन करतो, आणि धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये लुलेओ इथल्या हायब्रिट प्रकल्पात २०२१ मध्ये असं स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड, तयार झालं. पण हिशेब मांडू. एक टन लोखंडाला, अगदी रसायनशास्त्राच्या कागदावर, ५४ किलो हायड्रोजन लागतो. एक किलो हायड्रोजनला साधारण ५२ युनिट वीज. वर्षाला २० लाख टनांचा कारखाना धरला, तर ५६० कोटी युनिट. म्हणजे वर्षभर, अहोरात्र, जवळजवळ ६४० मेगावॅट, आणि हे फक्त हायड्रोजनसाठी.

एवढी वीज भट्टीच्या दारात आणणाऱ्या मनोऱ्यांना, सबस्टेशनला, जमिनीला आणि परवानग्यांना वर्षं लागतात. भट्टी उभी आणि तार नाही, ही वेळ येता कामा नये.

चुनखडीतून सुटणारा वायू मात्र पकडून जमिनीखालीच न्यावा लागेल. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून हे सुरू झालंय. वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याचा साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड जहाजाने जातो आणि समुद्रतळाखाली सुमारे २६०० मीटर खोल सोडला जातो.

पण हा वायू नेणारी पाइपलाइन एकट्यासाठी परवडत नाही. पहिला ग्राहक कोण होणार, यावरच बैठका अडतात. पाइप नाही म्हणून कारखाना थांबतो, कारखाना नाही म्हणून पाइप थांबतो. सुरुवात बहुधा खत किंवा हायड्रोजन बनवणाऱ्यांपासून करावी, कारण त्यांचा कार्बन डायऑक्साइड आधीच बऱ्यापैकी शुद्ध असतो, तो पकडणं स्वस्त पडतं. रॉटरडॅम बंदरातल्या पोर्थोस प्रकल्पात चार कंपन्यांनी मिळून हमी घेतली. वर्षाला २५ लाख टन वायू समुद्राखालच्या रित्या झालेल्या गॅस क्षेत्रांत साठवायचा. बांधकामातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या मुद्द्यावर प्रकरण न्यायालयात गेलं, आणि गुंतवणुकीचा अंतिम निर्णय व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.

(दृश्य: समुद्रकाठचं शहर. धूर नसलेली धुराडी.)

वेल्समधलं पोर्ट टॅलबट. शंभराहून जास्त वर्षं इथे पोलाद बनत होतं. ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटची झोतभट्टी बंद झाली. तिच्या जागी येणारी आर्क फर्नेस २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ च्या सुरुवातीस चालू करायचं लक्ष्य आहे. मधली तीन वर्षं तिथल्या माणसांनी काय करायचं? सुमारे २,००० नोकऱ्या या एका ठिकाणच्या. ज्याला लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय ते कळतं, त्या माणसाचं कसब तीन वर्षं कपाटात ठेवता येत नाही. तो गाव सोडतो, किंवा दुसरं काही करू लागतो. नव्या भट्टीला माणसं कमी लागतात हेही खरं, आणि ते त्यांना शेवटच्या वर्षी सांगणं हा अन्याय आहे.

(दृश्य: भिंतीवर लांब तक्ता. एक हात पेन्सिलने रेघ ओढतो.)

योजनेचा तक्ता उजवीकडून भरायला घ्यावा. सर्वांत उजवीकडे अस्तर संपायची तारीख. तिच्या डावीकडे नव्या भट्टीची चाचणी. त्याच्या आधी पाइपलाइन, मळीच्या बदल्यात सिमेंटला काय द्यायचं त्याचा करार, सबस्टेशन, जमिनीची मोजणी. आणि या सगळ्यांच्या डावीकडे, जुनी भट्टी अजून पेटलेली असताना, नव्या कामाच्या प्रशिक्षणाला बसलेली पहिली बॅच.